लाइट, गॅस, नळ, नेट : तक्रारीचं नेमकं दार कुठलं?

ओट्यावरचा वाचक (अंबाजोगाई)

वाचनालयाच्या दारात एक फलक लावायचाय. घरच्या लाइट, गॅस, नळ, इंटरनेटची तक्रार कुठं द्यायची, एवढाच विषय. नेटवर अशा याद्या ढिगानं आहेत, पण सगळ्या एका साच्यातल्या : चार टोल-फ्री नंबर आणि शेवटी 'ग्राहक मंचात जा'. नंबर लावला की तक्रार क्रमांक मिळतो, दोन दिवसांनी 'तक्रार निकाली काढली' असा मेसेज येतो आणि बिल जिथल्या तिथं. त्यापुढं काय, ते कुणी लिहीत नाही.

कुठल्या तक्रारीला कुठलं दार, किती दिवसांत, कागद कोणते आणि अर्ज फेटाळला जातो तो कशामुळं, एवढं हवंय. जिल्हा बीड धरा, पण मराठवाड्यात कुठंही चालेल असं लिहा. आपबीती नको, पायऱ्या सांगा.

बिलाचा पाढा (लातूर)

आधी विजेचं घेऊ, फलकाची निम्मी जागा तीच खाणार.

विजेच्या तक्रारी दोन जातींच्या. पहिली : लाइट गेली, एक फेज उडाली, डीपी जळाली, तार लोंबतेय. तिला १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ पुरतं. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवायचा आणि तक्रार क्रमांक तारीख-वेळेसकट लिहून घ्यायचा. डीपी जळाली की गल्लीतला एकच जण फोन करतो आणि बाकीचे त्याच्या भरवशावर बसतात. असं करू नका. ग्रामीण भागात डीपी बदलायची मुदत ४८ तास आहे, ती चुकली तर भरपाई मागता येते, पण ज्याच्या नावे नोंद आहे त्याचीच बाजू पक्की राहते. घरटी नोंद करा.

दुसरी जात : बिल, मीटर, नवीन जोडणी, नावात बदल. इथं फोन म्हणजे नुसती सलामी. खरी तक्रार लेखी, उपविभागीय कार्यालयात, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. शिक्का द्यायला कुरकुर झाली तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा.

तिथं हललं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. नावाचा घोळ इथंच होतो. 'जिल्हा ग्राहक मंच' ज्याला म्हणायचे त्याचं नाव २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं 'जिल्हा आयोग' झालं (कायदा २० जुलै २०२० पासून लागू). विजेचा मंच निराळा. तो २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ४२(५) खाली वीज कंपनीच्या परिमंडल पातळीवर असतो. बीड, लातूर, धाराशिव ही लातूर परिमंडलात, नांदेड, परभणी, हिंगोली नांदेड परिमंडलात, जालना आणि संभाजीनगर हे संभाजीनगर परिमंडलात. फलकावर 'ग्राहक मंच' एवढंच लिहिलंत तर माणूस कोर्टाच्या आवारात जाऊन उभा राहील. 'वीज ग्राहक तक्रार निवारण मंच' असं पूर्ण नाव लिहा.

या मंचात फी नाही, वकील लावावा लागत नाही. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे अनुसूची 'अ' मध्ये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचानं ६० दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. निर्णय पटला नाही तर पुढच्या ६० दिवसांत विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला. मंचाच्या आदेशानं तुमच्याकडून काही रक्कम निघत असेल तर लोकपालांकडं जाताना तिच्या निम्मी किंवा २५,००० रुपये, यातलं जे कमी ते भरावं लागतं.

अर्ज बाहेर पडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या दारामुळं. कलम १२६ म्हणजे अनधिकृत वापराचं आकारणी बिल, कलम १३५ ते १३९ म्हणजे वीजचोरी वगैरे, कलम १६१ म्हणजे अपघात, हे विषय मंच घेत नाही. बिलासोबतच्या कागदावर '१२६' असं दिसलं की मंचाचा नाद सोडा. आधी त्या तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत द्यायची, अंतिम आदेश आला की ३० दिवसांत कलम १२७ खाली विद्युत निरीक्षकाकडं अपील. त्या अपिलाला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मंचाच्या चकरा मारण्यात हेच ३० दिवस निघून जातात आणि मग कुठलंच दार उघडं राहत नाही. १२६ ची तक्रार जिल्हा आयोगातही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच, अनीस अहमद प्रकरणात, तो रस्ता बंद केलाय.

तारजोड (जालना)

वरचं सगळं बरोबर. पण मंचात जायच्या आधी घरचं मीटर तपासा, नाहीतर चाचणीत मीटर चोख निघतं आणि खरा दोष वायरिंगमध्ये सापडतो.

मेन स्विच पाडा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबला पाहिजे. थांबत नसेल तर मीटर आणि मेन स्विचच्या मधे कुणीतरी वायर काढलीय, नाहीतर कुठंतरी गळती आहे.

मग मेन चालू करून बाकी सगळं बंद ठेवा आणि बादलीत एकच हीटर रॉड लावा. इस्त्री नको, ती मधेच आपोआप बंद पडते आणि हिशेब चुकतो. मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असं छापलेलं असेल तर १५०० वॅटच्या रॉडला दिवा मिनिटाला ८० वेळा लुकलुकायला हवा. हा झाला २३० व्होल्टचा हिशेब. संध्याकाळी आपल्याकडं व्होल्टेज २०० वर उतरलं की तोच रॉड साधारण ११३० वॅट ओढतो आणि लुकलुक ६० च्या आसपास येते. व्होल्टेज न मोजता '६० च येतंय, मीटर मंद आहे' असा निष्कर्ष काढू नका. २०० व्होल्टला ८० येत असेल तर मात्र मीटर पळतंय, लेखी चाचणी मागा.

आणखी एक, हे फलकावर मावायचं नाही. भावाभावांच्या वाटण्या होऊन एका वाड्यात दोन मीटर बसतात, पण न्यूट्रल एकच राहतं. फेज एका मीटरमधून गेली आणि न्यूट्रल दुसऱ्यातून परतलं की दोन्हीकडचे प्रवाह जुळत नाहीत. आताची मीटरं फेज आणि न्यूट्रल यांतला मोठा प्रवाह धरतात, त्यामुळं दोन्ही बिलं फुगतात. वर 'अर्थ लोड'चा दिवा लागून राहतो आणि तपासणी पथकाला तो छेडछाडीसारखा दिसतो. वायरमन बोलवून न्यूट्रल वेगळी करून घेणं हाच इलाज. कुठल्याही मंचात यावर दाद नाही.

ओट्यावरचा वाचक (अंबाजोगाई)

दोघांचे आभार. आमच्याकडं सगळ्यात जास्त विचारणा दोन गोष्टींची : महिनोन्महिने 'सरासरी' बिल, आणि तीन महिन्यांचं रीडिंग एकदम. शिवाय वाद चालू असताना लाइट तोडली तर काय?

बिलाचा पाढा (लातूर)

सरासरी बिल : आधी बिलावर मीटरची स्थिती काय छापलीय ते बघा. 'फॉल्टी', 'लॉक' की 'रीडिंग उपलब्ध नाही'? 'लॉक' असेल तर दाराला कुलूप होतं असं कंपनीचं म्हणणं आहे, मीटर बिघडलंय असं नाही. मग मीटर बदलून मागण्यात अर्थ नाही. आजच्या रीडिंगचा फोटो जोडून बिल दुरुस्ती मागा. मीटर बंदच पडलं असेल तर २०२१ च्या पुरवठा संहितेनं जास्तीत जास्त तीन महिन्यांची अंदाजी आकारणी करता येते, तीही आधीच्या १२ महिन्यांच्या मीटरवरच्या सरासरीनं. वर्षभर सरासरीच येत असेल तर अर्जात हेच तीन महिने धरून मागणी करा.

तीन महिन्यांचं एकदम : युनिट किती यापेक्षा टप्पे कसे पाडलेत ते तपासा. घरगुती टप्पे १००, ३००, ५०० आणि त्यापुढं. समजा तीन महिन्यांत ३६० युनिट झाले, म्हणजे महिन्याला १२०. बरोबर आकारणीत ३०० युनिट पहिल्या स्वस्त टप्प्यात आणि फक्त ६० दुसऱ्यात. एकाच महिन्याचं धरलं तर पहिल्यात १००, दुसऱ्यात २०० आणि ६० थेट तिसऱ्यात. युनिट तितकेच, रक्कम बरीच जास्त. काउंटरवर 'युनिट तर तुम्हीच जाळलेत ना' हे ठरलेलं उत्तर येतं. तुम्ही 'टप्प्यांचा लाभ महिनेवार विभागून द्यावा' असंच लिहा.

तोडण्याबद्दल : कलम ५६ खाली पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. वादाची रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली कमी असेल ती 'हक्क राखून' भरली तर वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. काहीच न भरता नुसता अर्ज देऊन बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन वर्षांहून जुनी वसुली अचानक आली आणि मधल्या बिलांत ती थकबाकी म्हणून सलग दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठी लाइट तोडता येत नाही. मंचाकडं अंतरिम आदेशही मागता येतो, पण तो अर्जातच मागावा लागतो.

कागदांत सगळ्यात कामाचा म्हणजे सीपीएल, ग्राहकाचा वैयक्तिक खातेउतारा. महिनेवार रीडिंग, मीटरची स्थिती, आकारणी, भरणा सगळं त्यात असतं. उपविभागात लेखी मागा. नाही दिला तर माहिती अधिकारात, १० रुपये आणि ३० दिवस. मीटरची चाचणी झाली असेल तर तिच्या अहवालाची प्रत आणि मीटरमधल्या साठवलेल्या नोंदींचा 'एमआरआय' अहवालही मागा. सीपीएल नसताना मंचापुढं गेलात तर कंपनीचाच आकडा समोर राहतो.

नळीची मुदत (नांदेड)

गॅसचं दार वेगळं. वास आला, गळती वाटली तर १९०६, चोवीस तास. इतर तक्रारींना तिन्ही सरकारी तेल कंपन्यांसाठी १८००-२३३३-५५५. आधी वितरकाच्या तक्रार वहीत नोंद, मग हा नंबर किंवा कंपनीचं ॲप.

वजन : घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. रिकाम्या टाकीचं वजन कॉलरखालच्या पट्टीवर ठोकलेलं असतं. समजा १५.८ असेल तर भरलेली टाकी ३० किलो भरली पाहिजे. डिलिव्हरीवाल्याकडं ताणकाटा असायलाच हवा आणि सील फोडायच्या आधी वजन मागायचा तुम्हाला हक्क आहे. सील फोडल्यावर वजनाची तक्रार टिकत नाही, कारण वापरलेला गॅस कुणी मोजून ठेवलेला नसतो. कमी भरलं तर टाकी घेऊ नका, काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढा. वितरकासोबतच वैधमापन शास्त्र कार्यालयात तक्रार करा. वजनमाप खातं म्हणजे तेच, आणि कारवाईचा अधिकार त्यांच्याकडं आहे.

वरचे पैसे : पावतीवरच्या किमतीत घरपोच आणून देण्याचा आकार धरलेला असतो, जिना चढायचे वेगळे पैसे नाहीत. उलट टाकी तुम्ही स्वतः गोदामातून आणली तर तो आकार वजा झाला पाहिजे. खेड्यापाड्यांत हे वजा झालेलं फारसं कुणी बघत नाही. घरी टाकी आल्याशिवाय मोबाइलवरचा डिलिव्हरीचा कोड सांगू नका. कोड दिला की कागदोपत्री टाकी पोचली, मग तक्रारीला जीव राहत नाही. घरगुती टाक्या हॉटेलात जात असतील तर ती तक्रार कंपनीकडं नाही, तहसीलमधल्या पुरवठा शाखेकडं किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडं.

विमा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. नोंदणीकृत घरी गॅसमुळं अपघात झाला तर तेल कंपनीच्या सार्वजनिक दायित्व विम्यातून मृत्यूला माणशी ६ लाख, उपचाराला माणशी कमाल २ लाख, मालमत्तेला एका घटनेसाठी कमाल २ लाख. ग्राहकानं वेगळा हप्ता भरायचा नाही. वितरकाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोलिसांचा पंचनामा करून घ्या. शेगडी आणि नळी आयएसआयची असावी. सुरक्षा नळीची मुदत ५ वर्षं, नळीवर छापलेली असते. ती उलटून गेलेली निघाली की दाव्याला अडचण.

पाणीपट्टी (परभणी)

पाण्याला विजेसारखा स्वतंत्र मंच नाही, म्हणून वाट वाकडी होते.

शहरात आधी नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, लेखी, आवक शिक्क्यासह. नवीन नळजोडणीसारखी सेवा अडली असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ लागतो : 'आपले सरकार' वरून अर्ज करा. मुदतीत सेवा नाही मिळाली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज कागदावर देऊन पोच न घेता आलात तर मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. पाणी कमी येतं, घाण येतं, पट्टी चुकली, असल्या तक्रारी 'आपले सरकार'च्या तक्रार निवारण भागात टाका. तिथं २१ कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. तरी नाही हललं तर जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, दर महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी, दोन प्रतींत. ऐनवेळी हातात कागद घेऊन गेलं तर तो साधा अर्ज म्हणून बाजूला पडतो.

खेड्यात नळयोजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), मग गटविकास अधिकारी. योजनेचं कामच अर्धवट असेल तर जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचा कार्यकारी अभियंता. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे, अर्जात ते लिहा. 'पाणी पुरत नाही' यापेक्षा 'सहा माणसं, आठ दिवसांआड पाणी, मिळालं ८०० लिटर' हे वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

घाण पाण्याची तक्रार लिहिताना एक निरीक्षण जोडा. नळाला पाणी आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटंच गढूळ येतं, की शेवटपर्यंत? आपल्याकडं पाणी आठ-आठ दिवसांनी सुटतं. मधल्या काळात लाइन रिकामी असते, आणि फुटक्या जोडातून नालीचं पाणी आत शिरतं. कुणी नळाला थेट मोटार लावली की हे ओढणं आणखी वाढतं. पहिल्या काही मिनिटांपुरती घाण म्हणजे दोष गल्लीतल्या लाइनमध्ये. शेवटपर्यंत घाण म्हणजे टाकी किंवा जलशुद्धीकरण केंद्र बघा. एवढ्यानं अभियंत्याचा फेरा वाचतो.

क्लोरीन आहे का ते ओटी चाचणीनं, म्हणजे पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकून, जागेवर कळतं, पाणी पिवळसर झालं पाहिजे. नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं असावं. जिवाणू तपासणीसाठी घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणायची, नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. बोअरचं पाणी असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइड मुद्दाम मागा. मर्यादा नायट्रेटला ४५, फ्लोराइडला १, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम. सांगितल्याशिवाय हे दोन तपासलेच जातील असं धरू नका.

थेट बोलू (धाराशिव)

एवढ्या पायऱ्या कशाला? सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइन दाखल होतं.

बिलाचा पाढा (लातूर)

फीचं बरोबर आहे. पण 'थेट'ला तोटे आहेत. एकाच विषयावर दोन दारं चालत नाहीत : प्रकरण आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर विजेचा मंच अर्ज घेत नाही. शिवाय पहिल्या सुनावणीत विचारणार, लेखी तक्रार केली होती का? आयोग योग्य कधी? नुसती बिल दुरुस्ती नाही, तर नुकसानभरपाई मागायची असेल तेव्हा. उदाहरणार्थ जास्त व्होल्टेजनं फ्रिज-टीव्ही जळाले. तिथंही मुदत दोन वर्षं. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. मधली सोपी पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती आदेश देत नाही, कंपनीकडं पाठपुरावा करते. गॅस आणि इंटरनेटच्या बाबतीत तेवढ्यानंही पुष्कळदा काम होतं.

कायम लोकअदालतही ध्यानात ठेवा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २२-ब खाली वीज, पाणी, टेलिफोन या सेवांचे वाद तिथं घेतले जातात, कोर्ट फी नाही. कायद्यातल्या यादीत घरगुती गॅस नाही. साध्या लोकअदालतीत तडजोड झाली नाही तर विषय संपतो. कायम लोकअदालत मात्र तडजोड फसली तर निकालही देते आणि त्यावर अपील नाही. हे दुधारी आहे, कागद कच्चे असतील तर जाऊ नका. चौकशी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात.

तारजोड (जालना)

इंटरनेट-मोबाइल राहिलं. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्या. समाधान नाही झालं तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं, विनाशुल्क. त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथं लिहिलेलं कंपनीकडंच परत येतं. त्याहून पुढं जायचं तर ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी आयोगाला घेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

ओट्यावरचा वाचक (अंबाजोगाई)

शेवटची विनंती : वीज बिलाच्या अर्जाचा छोटा नमुना द्या, फलकाखाली झेरॉक्स ठेवतो. लोक 'बिल कमी करून मिळावे ही नम्र विनंती' एवढंच लिहून येतात.

बिलाचा पाढा (लातूर)

घ्या. रिकाम्या जागा भरायच्या :

'प्रति, उपकार्यकारी अभियंता, ____ उपविभाग. विषय : ग्राहक क्रमांक ____, मीटर क्रमांक ____, ____ महिन्याच्या बिलाची दुरुस्ती. सदर बिलात मागील रीडिंग ____ व चालू रीडिंग ____ दाखवले आहे. दि. ____ रोजी मीटरवरील प्रत्यक्ष रीडिंग ____ आहे (फोटो जोडला आहे). मागील १२ महिन्यांचा सरासरी वापर ____ युनिट आहे. मागणी : (१) प्रत्यक्ष रीडिंगनुसार बिल दुरुस्त करावे. (२) टप्प्यांचा लाभ महिनेवार विभागून द्यावा. (३) मीटरची चाचणी माझ्या उपस्थितीत करून अहवालाची प्रत द्यावी. (४) खातेउतारा (सीपीएल) द्यावा. मी रु. ____ हक्क राखून दि. ____ रोजी भरले आहेत, पावती जोडली आहे. वाद प्रलंबित असताना विद्युत कायदा २००३, कलम ५६(१) नुसार पुरवठा खंडित करू नये.'

जी मागणी लागू नाही ती खोडा. मागणीत 'चौकशी करावी' हे शब्द टाकू नका, चौकशी केली असं उत्तर येतं आणि अर्ज तिथंच संपतो.